शेवटची ओवणी

बालवाडीच्या मधल्या खोलीतल्या पडद्यावर तेवीस ठिपके उमटले होते. बावीस लाल, एक हिरवा. हेमलताबाई शिरगुप्पे दाराशीच उभ्या राहिल्या. गडहिंग्लजमधल्या या बालवाडीत त्यांनी एकतीस वर्षं पोरांना डाळी निवडायला, माती मळायला, मणी ओवायला शिकवलं. पण आज स्वतःच्या वर्गात पाऊल टाकायची त्यांची छाती होईना.

"बावीस मुलांच्या हातात एकच कंप," डॉ. यास्मीन मुल्लाणी म्हणाल्या. वर्गातले बोधमणी त्यांनीच घडवले होते. "सेकंदाला पाच वेळा. जूनपासून वाढतच चाललाय."

"मणीच बिघडले नसतील?" कोल्हापूरहून आलेल्या डॉ. कबाडेंनी विचारलं. मेंदूच्या आजारांत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"मणी अगदी साधा आहे, डॉक्टर. दोऱ्यात जाताना चिमटीचा दाब आणि बोटांची हालचाल टिपतो. त्यावरून मुलाचं हातवळण कळतं, आणि पुढचा खेळ सोपा द्यायचा की अवघड, ते ठरतं. मण्यात जागा एवढीशी, म्हणून त्याला फक्त शेवटची ओवणी आठवते. दर शुक्रवारी संध्याकाळी सगळ्या माळा ताटात ठेवल्या की यंत्र त्या वाचतं."

"पण मुलांचे हात तर चांगले स्थिर दिसतात हो," बाई कशाबशा बोलल्या.

"सुरुवातीला डोळ्यांना दिसत नाही, बाई. मण्याला दिसतं." कबाडेंनी चष्मा काढून पुसला. "चिमूटही वयाच्या मानाने फार घट्ट आहे. थरथर दाबायला मुलं जोर लावत असणार. माझ्या मते हे विष आहे, पाण्यातून नाहीतर खेळायच्या मातीतून गेलेलं. उद्या सकाळी सगळ्यांना कोल्हापूरला न्या. भूल देऊन पाठीच्या कण्यातलं पाणी काढावं लागेल. आणि बालवाडी आजपासून बंद."

"मग हा हिरवा ठिपका? पाणी तेच, माती तीच. ही कस्तुरी तेवढी कशी सुटली?" यास्मीनताईंनी विचारलं.

कस्तुरीचं नाव ऐकलं आणि बाईंना शुक्रवारच्या माळा आठवल्या.

शुक्रवारी चार वाजता पालक माळा बघायला यायचे. मुलं बाराला घरी जात. मधल्या वेळात बाई एकट्या. कुणाची लाल-निळी ओळ चुकलेली, कुणी सहा मणी ओवून कंटाळलेलं. बाई त्या माळा उसवायच्या आणि पुन्हा नीट ओवून ठेवायच्या. यात कसलं आलंय पाप? बालवाडीतल्या सगळ्याच बाया हे करत आल्या. कागदाचं फूल मुलाच्या नावाचं, पाकळ्या बाईंच्या हातच्या. पूर्वी तासाभरात उरकायचं. जूनपासून मात्र चार वाजत आले तरी माळा संपत नव्हत्या, आणि चहाचा कप बशीवर किणकिणायचा. वय झालं आता, असं म्हणून त्यांनी कप डाव्या हातात धरायला सुरुवात केली होती.

फक्त कस्तुरी माळ सोडायची नाही. "माझं मला करू द्या!" म्हणून किंचाळायची, दोऱ्याला दातांनी गाठ मारायची. ती गाठ सुटायची नाही. बाईंनी तिला सगळ्यांदेखत हट्टी म्हटलं होतं, तिची वेडीवाकडी माळ पालकांना दिसू नये म्हणून ताटात सगळ्यात खाली दडपली होती. आता बोला!

बाहेर व्हरांड्यात पालक बसले होते. कुणाचा तरी बाप हुंदके देत होता. गप्प राहिलं तर एकतीस वर्षांचं नाव शाबूत राहणार होतं, आणि बावीस लेकरांच्या पाठीत सुया जाणार होत्या. बाईंनी उजवा हात पदराखाली घट्ट धरला आणि व्हरांड्यात आल्या.

"पोरांना काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "माळा मी ओवल्यात. सगळ्या. कस्तुरीची सोडून. दर शुक्रवारी. मला लाज वाटते."

मग एक आई हळूच म्हणाली, "म्हणजे ती पहिली माळ... मी देव्हाऱ्यात टांगलीय ती?"

बाईंनी खाली मान घालूनच होकार दिला.

"खात्री करायला हवी," मागून आलेल्या कबाडेंचा आवाज आता मऊ झाला होता. "कोरे मणी आणा. बाई, तुम्ही ओवा."

मधल्या खोलीत सगळ्यांसमोर त्या मुलांच्या बुटक्या पाटावर बसल्या. पहिला मणी दोऱ्याच्या टोकाशी थरथरला आणि निसटून घरंगळत गेला. आईच्या मांडीवरून उतरून कस्तुरीने तो उचलला आणि बाईंच्या तळहातावर ठेवला. यास्मीनताई मदतीला खाली वाकल्या, तशी पोरगी दोन्ही हात पसरून मध्ये उभी राहिली.

"हात लावू नका! बाईंचं बाईंना करू द्या."

मग ती बाईंसमोर मांडी घालून बसली. "मी थांबते, बाई. घाई नाही."

बाईंचे डोळे भरून आले, दोऱ्याचं टोकही दिसेना. चौथ्या खेपेला मणी दोऱ्यात गेला. यास्मीनताईंनी तो ताटात ठेवला. पडद्यावरचे बावीस ठिपके ज्या रंगाचे होते, त्याच लाल रंगाचा चोविसावा ठिपका उमटला.

"उद्या कोल्हापूरला," कबाडे म्हणाले, "फक्त तुम्हीच यायचं, बाई."