बत्तिसावी हाक

ही गोष्ट माझ्याच घरात घडली आहे. मी गणिताची शिक्षिका. बेरजेत हातचा सोडला तर पदरचं काही मिळवायची मला सवय नाही.

शाळा बंद होत्या, ते वर्ष. मंगळवार. आणि रात्र वगैरे काही नाही... सकाळचे सव्वाअकरा.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मी सहावीचा ऑनलाइन वर्ग घ्यायची. एकतीस मुलं. नेट पुरत नाही म्हणून सगळ्यांचे कॅमेरे बंद. समोर नुसत्या काळ्या चौकटी. जो बोलेल त्याच्या चौकटीला पिवळी कड यायची.

हजेरी मी नंबराने घ्यायची. "तोंड दिसलं नाही तरी चालेल, आवाज आला पाहिजे," हे माझं ठरलेलं वाक्य.

सासूबाई यावर चिडायच्या. "हाक मारणारा दिसल्याशिवाय ओ देऊ नये गं. काय शिकवतेस पोरांना!"

मी हसण्यावारी न्यायची.

मुलांना स्क्रीनवरचा फळा नीट दिसतोय का, हे बघायला मी फोनवरूनही त्याच वर्गात शिरायची. 'मॅडम २' या नावाने. दोन्ही यंत्रं जवळ असली की कानठळ्या बसतील असा आवाज घुमतो, म्हणून वर्ग सुरू झाला की फोन झोपायच्या खोलीत, कपाटावर, चार्जिंगला. त्याचा माइक कायम बंद.

त्या दिवशी त्या खोलीत माझी मुलगी झोपली होती. ठकी. सहा वर्षांची. दोन दिवस तापाने फणफणलेली. सासूबाई भाजी आणायला गेल्या होत्या; घरात आम्ही दोघीच. मी दार ओढून घेतलं होतं.

हजेरी झाली. अपूर्णांकांचं एक उदाहरण दिलं. मुलं सोडवायला लागली.



'मॅडम २'च्या चौकटीला पिवळी कड आली.

मला वाटलं, माइक चालू राहिला. ठकी खोकली असेल. पण मला खोकला ऐकू आला नाही. काहीच ऐकू आलं नाही.

"हजर, मॅडम." एक नंबर बोलला.

परत पिवळी कड...

"हजर, मॅडम." दोन नंबर.

"अरे, हजेरी झाली ना मघाशी?" मी म्हणाले.

कुणी लक्षच दिलं नाही. तीन. चार. पाच. सहा.

सात नंबरची मुलगी जरा आगाऊ. ती म्हणाली, "हजर. पण मॅडम, परत का घेताय?"

"मी कुठे घेतेय?"

"तुमचाच तर आवाज येतोय..."

मी सगळ्यांचे माइक बंद करून पाहिले. ते परत चालू झाले. आठ... पंधरा... तीस... एकतीस.

संपलं, असं वाटलं.

पिवळी कड पुन्हा आली.

या वेळी कुणीच बोललं नाही.

आणि मग, लॅपटॉपमधून नाही... बंद दाराआडून आवाज आला.

"हजर."

माझी ठकी.

खुर्ची मागे पडली. मी धावत जाऊन दार उघडलं. ठकी पलंगावर ताठ बसली होती, कपाटाकडे बघत. मी फोन उचलला. बंद. चार्जर लावला होता, पण भिंतीवरचं बटण दाबायलाच मी विसरले होते. कधीच मेला असणार तो.

"आई, तू तिकडून कशी आलीस?" ठकी म्हणाली. "आत्ता तर इथे होतीस."

"मी काय म्हणत होते गं?"

"आधी नंबर म्हणालीस. मग 'ठकी' म्हणालीस. मी हजर म्हटलं. बरोबर ना?"

मी तिला उचललं. ताप उतरला होता. अंग गार लागत होतं.

बाहेर लॅपटॉपमधून सात नंबर विचारत होती, "मॅडम, ठकी कोण?"

हे लाडाचं नाव आमच्या घराबाहेर कुणालाही माहीत नव्हतं.

त्यानंतर मी कधीच फोन दुसऱ्या खोलीत ठेवला नाही. शाळा उघडल्या. ठकी तिसरीत गेली. मी स्वतःची समजूत घातली होती.

गेल्या आठवड्यात तिच्या वर्गाच्या बाईंचा फोन आला. "पोरगी हुशार आहे हो. पण हजेरी संपून वही मिटली, की ती परत एकदा 'हजर' म्हणते. रोज."

काल संध्याकाळी वेणी घालताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"पहिल्यांदा बाई नाव घेतात," ती म्हणाली. "मग तू घेतेस ना. आणि आई, उद्या मला कुठे यायचंय?"

"कुठे म्हणजे?"

"तूच म्हणालीस ना आज... रोज नुसतं हजर म्हणतेस, उद्या उठून माझ्याकडे ये."

माझे हात थांबले.

आज मी तिला शाळेत पाठवलेलं नाही. दाराला कडी लावून, तिला मांडीवर घेऊन बसले आहे आणि एका हाताने हे लिहिते आहे. मला प्रचंड भीती वाटते आहे. तिला बजावून सांगितलंय, आज माझा आवाज आला तरी ओ द्यायची नाही, उठायचं नाही.

तिने थोडा विचार केला आणि विचारलं, "आणि खरंच तू हाक मारलीस तर?"



अकरा वाजून दहा मिनिटं झाली आहेत...