शेरा : घर बंद

साठ हा आकडा तुमचा आहे, साहेब. तो डोंगरातून उगवला नाही की आभाळातून पडला नाही. तुमच्यापैकी कोणीतरी उबदार खोलीत बसून ठरवलंत, की ज्या वस्तीत साठ माथी नाहीत तिथे टपाल कचेरी ठेवायची नाही. एकोणसाठ माणसांना पत्रं येत नाहीत का, एकोणसाठावा माणूस आजारी पडत नाही का, हे विचारायला कोणी वर चढून आलं नाही. परिपत्रक तेवढं आलं. त्यातून वर जे झालं ते तुमच्या माथी आहे. आधी नीट ऐकून घ्या, मग कागदी घोडे नाचवा.

तुम्हाला वाटेल, पत्रंच ती, चार दिवस उशिरा आली तर काय बिघडतं? पण घाटातला बर्फ माणसांसाठी कोणी काढत नाही, टपालासाठी काढतात. हिवाळ्याचे चार महिने तो रस्ता टपालगाडीच्या नावावर उघडा राहतो. कचेरी बंद म्हणजे रस्ता बंद, आणि रस्ता बंद म्हणजे ताईच्या भावाच्या गोळ्या बंद.

ताई म्हणजे तिथली टपालवाली. सगळी वस्ती तिला ताईच म्हणते, तिच्याहून वीस वर्षांनी मोठी शिंपीणबाईसुद्धा. मास्तर तीच, शिपाई तीच, आणि सकाळी कुलूप गोठलं की त्यावर कढत पाणी ओतणारीही तीच. कचेरी म्हणजे तिच्या घराची पुढची खोली. एक काउंटर, एक तराजू, आणि भिंतीला लाकडी खणांचं कपाट, माणशी एक खण. मागच्या खोलीत तिचा धाकटा भाऊ घड्याळं दुरुस्त करतो. वय बेचाळीस. वस्तीतली घड्याळं त्याने इतक्या वेळा उघडलीत, की आता ती त्याच्या धाकाने चालतात. त्याला लहानपणापासून फिट येते. सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक गोळी, की येत नाही. मागे एकदा गाडी अडकली आणि चार दिवस गोळ्या नव्हत्या, तेव्हा फिट दीड तास थांबेना. खालचा डॉक्टर नंतर ताईला म्हणाला, "पुन्हा असं झालं, तर मला बोलवायची तसदी घेऊ नका. उपयोग नसेल."

तुमचं परिपत्रक आलं तेव्हा वस्तीत बरोबर साठ माणसं होती. दोन महिन्यांत सुतार छपरावरून पडून गेला. त्याला पोचवून आल्यावर ताईने हात धुतले आणि ती काउंटरला बसली. समोर त्याच्या नावाचं पाकीट होतं. त्यावर शेरा मारायचा होता. 'मयत' लिहिलं, की खाली यादीतलं नाव कटतं. 'पत्ता सोडून गेले' लिहिलं तरी कटतं. पण तिसराही एक शेरा आहे, 'घर बंद'. म्हणजे माणूस आहे, आज दाराला कुलूप आहे, इतकंच. घर बंद असलेला माणूस मोजणीत राहतो.

तिने लाल शाईने लिहिलं, घर बंद.

भाऊ मागून बघत होता. "खोटं लिहितेस, ताई."

"खोटं कुठे? जाऊन बघ, आहे की नाही बंद?"

तीन वर्षांत अशी एकोणीस नावं झाली. तरणी माणसं खाली उतरतात, म्हातारी वर जातात, मधे कोणी उरत नाही. त्यांचं टपाल परत धाडलं तर संशय येईल, म्हणून ताई ते कपाटाच्या खालच्या दोन ओळींत ठेवायची. खरी माणसं एकेचाळीस, कागदावरची साठ. सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे गप्प होते, कारण रस्ता सगळ्यांचा होता. शिंपीणबाई तर म्हणायची, "माझ्यामागे मलाही बंदच लिही गं बाई. जिवंतपणी कोणी दार वाजवलं नाही, मेल्यावर तरी वाजवतील."

यंदाच्या पहिल्या बर्फानंतर खालचे खण हलके वाटायला लागले. ताईने मोजून पाहिलं. सुताराच्या खणातला हत्यारांचा कॅटलॉग नव्हता. आणखी तीन खणांतली पाकिटं नव्हती.

"तू घेतलास का रे कॅटलॉग?"

"मी करवतीने काय घड्याळ कापू?"

त्या आठवड्यात फेरीवर जाताना तिला सुताराच्या घराची पायरी झाडलेली दिसली. बाकी अंगणात गुडघाभर बर्फ, त्यावर साधं मांजराचं पाऊलही नाही, आणि पायरी स्वच्छ. कुलूप जागेवर होतं. तिने हात लावला तर बोटांना तेल लागलं. कोणीतरी शेळ्या बांधत असेल, असं तिने मनाशी म्हटलं आणि ती पुढे गेली. वस्तीत तीन वर्षं शेळी नव्हती, हे तिला घरी येऊन हातमोजे काढताना आठवलं.

मग तुमची पडताळणी आली. यादीतल्या प्रत्येकाच्या नावे एक रजिस्टर पाकीट, सोबत पोचपावती, ज्याची त्याने सही करून परत धाडायची. साठ पाकिटं. ताईने एकोणीस पाकिटं खालच्या खणांत सारली. सह्या संध्याकाळी दोघांनी बसून करायच्या असं ठरलं. भावाने तीन वेगवेगळी पेनं काढून ठेवली. ती एकेचाळीस पाकिटं वाटून आली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.

खालचे खण रिकामे होते. काउंटरवर एकोणीस पोचपावत्या एका ओळीत मांडलेल्या होत्या. सगळ्यांवर सह्या होत्या.

भाऊ मागच्या खोलीतच होता. दाराची घंटा वाजली नव्हती, शपथ घेऊन सांगत होता. ताईने सह्या ओळखल्या. तीस वर्षं ती याच लोकांच्या सह्या घेत आली होती. सुताराला लिहिता येत नव्हतं, तो डावा अंगठा लावायचा, आणि त्या अंगठ्यावर करवतीचा आडवा वण होता. भावाने भिंग डोळ्याला लावलं.

"वण आहे, ताई," तो म्हणाला. "आणि शाई ओली आहे."

ताई पावत्या गोळा करायला लागली.

"नको पाठवूस या."

"मग एकेचाळीस पाठवू? पुढच्या महिन्यात रस्ता बंद. तुझ्या गोळ्या कोण आणणार, तुझी घड्याळं?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. तिने साठ पावत्या मोजल्या, दोरीने बांधल्या, थैलीला लाखेचं सील केलं. तुम्ही म्हणाल, गुन्हा तिचा. असेल. पण ते साठचं कुंपण घातलंत कोणी?

गोळ्यांचं पार्सल महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतं. त्या मंगळवारी भावाला ताप होता म्हणून ताई थैली घ्यायला घाटाच्या वळणावर गेली नाही. असं झालं की ड्रायव्हर थैली खांबाच्या खुंटीला लावून जातो. दुपारी तिने थैली आणली, सील फोडलं. पार्सल नव्हतं. पुढच्या खेपेला ती वळणावर जाऊन उभी राहिली.

"गोळ्यांचं पार्सल कुठाय?"

ड्रायव्हर हसला. "मंगळवारी दिलं की तुझ्या हातात."

"मंगळवारी मी आलेच नाही."

"ताई, थंडीत चेष्टा नको. सही केलीस. भाऊ होता बरोबर, थैली त्यानेच उचलली. मी म्हटलंसुद्धा, बरा दिसतोयस रे." त्याने वही उघडून दाखवली. सही तिची होती. "आणि हे घे, नवी यादी आलीय तुझ्या कचेरीला. बासष्ट झालात म्हणे! वाढताय की. आमच्या गावात तर कुत्रंही वाढत नाही."

तिने तिथेच, बर्फात उभं राहून यादी वाचली. पहिल्या पानावर तिचं नाव, भावाचं नाव, पत्ता टपाल कचेरीचा. पुढे लाल शाईत शेरा, घर बंद. अक्षर तिचंच. 'द'ची शेपटी ती ओढते तशीच ओढलेली. तिसऱ्या पानावर पुन्हा तिचं नाव, पुन्हा भावाचं नाव. पत्ता सुताराच्या घराचा. शेरा नाही.

"मला खाली घेऊन चल."

"टपालगाडीत माणूस घेता येत नाही, तुला माहितेय. नोकरी जाईल माझी." तिचा चेहरा बघून तो वरमला. "अगं, दवाखान्यातून मीच आणतो ना. शुक्रवारी. तुझ्याच हातात देतो, मग तर झालं?"

घरात गोळ्या पुरणार होत्या शुक्रवारपर्यंत. वर एक.

शुक्रवारी ती उजाडताच वळणावर गेली. गाडी नऊला येते. नऊ वाजले, दहा वाजले. ऊन पडलं होतं, वारा नव्हता, घाटाचा रस्ता खालच्या पुलापर्यंत स्वच्छ दिसत होता. तिने नजर हलवली नाही. अकराला पाय बधिर झाले म्हणून तिने ते आपटले आणि खाली बघितलं.

तिच्या बुटांना लागून चाकांच्या ताज्या खुणा होत्या. गाडी आली होती, ती उभी होती तिथेच तिला वळसा घालून वळली होती, आणि गेली होती.

ती धावत घरी आली. थैली काउंटरवर होती. सील फोडलेलं, दोरी इंग्रजी आठच्या आकारात गुंडाळलेली, ती गुंडाळते तशी. टपाल खणांत लावून झालं होतं. पार्सल नव्हतं.

भाऊ म्हणाला, "आत्ताच तर लावून गेलीस. मी हाक मारली, तू बोललीच नाहीस."

बाहेर शिंपीणबाई भेटली. तीही फुरंगटलेली. "एवढा कसला गं तोरा? पार्सल घेऊन नाकासमोरून गेलीस, बघितलंही नाहीस. भाऊ मात्र हसला. रंग उजळलाय हो त्याचा."

"कुठे गेलो आम्ही?"

"हे काय विचारणं? घरी." आणि शिंपीणबाईने हात केला, तो सुताराच्या घराकडे.

पायरी झाडलेली होती. कुलूप नव्हतं.

तीन वर्षं त्या घराचा शेरा मारला, पण दार तिने एकदाही वाजवलं नव्हतं. आज वाजवलं.

आत पुष्कळ घड्याळं चालू होती.

मग तिच्या भावाचा आवाज आला. ताप नसलेला, झोप झालेला. "कोण आहे गं, ताई?"

आणि ताईचा आवाज आला.

"कोणी नाही रे. वारा असेल. तू गोळी घेतलीस का?"

मग पट्टीतून गोळी काढल्याचा आवाज. कट्ट.

ताई ओरडली. "एक पट्टी द्या! एकच द्या! घर ठेवा, नाव ठेवा, काय हवं ते ठेवा!" तिने दाराला खांदा दिला. शिंपीणबाईची कुऱ्हाड आणून दहा-बारा घाव घातले. दारावर खोच उमटली नाही. आतली माणसं हळू आवाजात काहीतरी बोलत होती, शेजारी भांडण चाललं की आपण बोलतो तशी.

मग ती थांबली.

त्या संध्याकाळी भावाने शेवटच्या आधीची गोळी घेतली. शनिवारी सकाळी शेवटची. शिंपीणबाईचा पुतण्या चालत खाली निघाला होता, तो दुसऱ्या वळणावरून परतला. घाटात बर्फाने वाट अडलेली नव्हती. तो म्हणाला, कितीही उतरलं तरी समोर वस्तीचंच पहिलं घर येतं.

आज सोमवार. सकाळी सव्वानऊला पहिली फिट आली. आता दोन वाजलेत, पाचवी चालू आहे. ताईने त्याला कुशीवर वळवलंय, दातांत काही घालायचं नाही हे तिला माहीत आहे, डोक्याखाली रिकामी टपाल-थैली दुमडून ठेवलीय. मधे एकदा त्याला शुद्ध आली तेव्हा त्याने विचारलं, "ते बरे आहेत ना?" कोण, ते त्याने सांगितलं नाही.

तो गेला तर त्याच्या नावापुढे कोणता शेरा मारायचा, साहेब? 'मयत' लिहिता येणार नाही. त्याच्या नावाची गोळ्यांची पोच दर महिन्याला, त्याच्या सहीनिशी, तुमच्याकडे येत राहणार आहे. तुमच्या लेखी तो ठणठणीत आहे, आणि वस्ती बासष्टची आहे. त्या बासष्टांतले कोण तुमचे आणि कोण नाहीत, ते सांगा. आज सांगा. परिपत्रक नको, उत्तर हवंय, आणि गोळ्या हव्यात.

फक्त पाकिटावर ताईचं नाव घालू नका.