दोन पौंड हवा

हाफलिदी त्या रात्री घरून निघाला तेव्हा जीपमध्ये दोनच गोष्टी होत्या. एक नवा ॲक्सल आणि एक जेवणाचा डबा. डब्यात धुरावलेलं मटण, चपटी भाकरी आणि आंबवलेला शार्क. त्याच्या धाकट्या भावाला, ओरीला, शार्क फार आवडायचा, आणि गावाचं हिवाळी जेवण त्याला चुकलं होतं. फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. अमावास्या. वारा नाही, आणि थंडी उणे अठरा.

मी तेव्हा उत्तर आइसलंडात, आमच्या गावच्या टायरच्या दुकानात कामाला होतो. दोघा भावांना लहानपणापासून ओळखायचो. हाफलिदीनं मला जे सांगितलं तेवढंच तुम्हाला सांगतो, पोरांनो. पदरचं काही घालत नाही.

ओरी दुपारी हिमनदीच्या कडेच्या खोपीवर गॅसची टाकी पोचवायला गेला होता. परतताना त्याच्या जीपचा ॲक्सल तुटला. बचावपथक किनाऱ्यावर एका बोटीच्या मागं होतं, सकाळी येतो म्हणाले. मग भाऊ निघाला. काळजीचं काही नव्हतं. ओरी वायरलेसवर थट्टा करत होता.

"हाफी, शार्क आणलास का?"

"आणलाय. गाडीभर वास सुटलाय. बायको आता मला घरात घ्यायची नाही."

"तशीही घेत नाही. चाकात हवा किती ठेवलीस?"

"पंधरा पौंड."

"पंधरा? अरे, वर बर्फ आहे, डांबरी रस्ता नाही! सोड की जरा. परत भरायचा कंटाळा म्हणून सोडत नाहीस तू. आळशी कुठला."

खरं होतं ते. हाफलिदीची चाकं कमरेच्या वर येणारी. असल्या चाकांतली हवा सोडली की टायर कणकेसारखा पसरतो आणि गाडी भुसभुशीत बर्फावर तरंगत जाते. हवा जास्त ठेवली तर गाडी रुतते. फारच कमी केली तर टायर रिम सोडतो. जाणता माणूस बर्फ बघून आधीच ठरवतो. हाफलिदी मात्र रुतल्यावर थोडी थोडी सोडायचा. सोडलेली हवा परत भरायला थंडीत ताटकळावं लागतं ना.

पठारावर गाडी पहिल्यांदा रुतली. तो उतरला, एकेका चाकाशी बसला आणि आठ पौंडांवर आणलं. आत येऊन बसतो तो ओरीचा आवाज.

"पोचलास होय? मग बाहेर काय करतोयस? आत ये."

"कुठला पोचतोय! निम्मी वाट राहिलीय."

"मग माझ्या मागच्या चाकाशी कोण बसलंय?"

हाफलिदी हसला. "काय प्यायलायस?"

"नाही रे. आरशात दिसतोय. वाकून बसलाय, हवा सोडायला बसतात तसा. आवाजपण येत होता." जरा थांबून तो म्हणाला, "आता थांबलाय."

थोड्या वेळानं ओरीचं इंजिन बंद पडलं. डिझेल गोठलं असणार, असं दोघंही म्हणाले. पण आता त्याच्या गाडीत ऊब नव्हती, आणि हाफलिदीला घाई करायला हवी होती.

गाडी पुन्हा रुतली. त्यानं चार पौंडांवर आणलं. दार उघडं होतं, वायरलेस आत बोलत होता.

"हाफी... तो खिडकीशी आलाय."

"कोण?"

"तोंड दिसत नाही. काचेला लावलंय. छाती जड झालीय रे... श्वास पुरत नाही."

थंडीनं माणूस बरळतो, हे हाफलिदीला माहीत होतं. तो म्हणाला, बोलत राहा, पाय हलवत राहा. आणि पुढं गेला.

शेवटचा चढ आला. वर ओरीच्या जीपचा लाल दिवा दिसत होता. इतकं जवळ. पण चढावर बर्फ बॉनेटला लागत होतं, चाकं जागच्या जागी फिरत होती. दोन पौंडांशिवाय ती गाडी चढणार नव्हती. तो खाली बसला, पहिल्या चाकाची हवा सोडली.

आत वायरलेसवर ओरी किंचाळला. "आत आलाय! शेजारी बसलाय माझ्या! हाफी!"

हाफलिदीनं व्हॉल्व्ह बंद केला. का ते त्याला सांगता येईना, पण त्यानं कॉम्प्रेसर सुरू केला आणि नळी त्याच चाकाला लावली. वायरलेसवर ओरीनं खोल श्वास घेतला. पाण्यातून वर आलेला माणूस घेतो तसा.

"गेला... बाहेर गेला. काय केलंस?"

"हवा भरली."

त्यानं नळी तशीच चाकाला धरून ठेवली.

"भर," ओरी म्हणाला. "अजून भर."

त्यानं भरली. चारही चाकांत. बारा पौंडांवर ओरीचा आवाज पहिल्यासारखा झाला. तो हसलासुद्धा. "चाकाशी जाऊन बसलाय मेला." पण इकडं गाडी पोटापर्यंत खाली गेली.

हाफलिदी पायी निघाला. कमरेपर्यंत बुडाला, आणि पायाखाली काही लागेना. तिथं बर्फात भेगा आहेत. तो कसाबसा मागं आला. फावडं घेऊन खणायला लागला. खणलेलं परत ढासळायचं.

"हाफी, बोटं कळत नाहीत."

तो खणत राहिला.

"हाफी... गुडघेपण गेले."

"पथक येईल रे सकाळी."

"सकाळपर्यंत नाही टिकणार मी. ये ना."

"येऊ कसा?"

"माहीत नाही. हवा सोडू नकोस... आणि ये."

हे सांगताना हाफलिदी माझ्यासमोर लहान मुलासारखा रडला. मी त्याचा हात धरून बसलो होतो.

शेवटी तो म्हणाला, "ओरी, श्वास धरून ठेव. मी सोडतो, वर येतो, आल्या आल्या भरतो."

"वेळ लागेल?"

"थोडाच."

"घाई कर. आळशी माणसा."

त्यानं चारही व्हॉल्व्हच्या पिना काढल्या. चारही चाकं फुसफुसायला लागली. आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं. भावासाठी भरली होती ती सगळी हवा आता बाहेर यायची होती. असल्या चाकांतली हवा लवकर संपत नाही.

"हाफी... त्यानं तोंड..."

मग बोलणं नाही.

दहा पौंड. सात. चार.

दोन.

त्यानं पहिलं चाक बंद केलं. दुसरं. तिसरं. चौथं.

फुसफुस चालूच होती.

आतून. वायरलेसमधून.

मग तीही थांबली...

गाडी चढ अशी चढली, जणू खाली बर्फ नव्हतंच. ओरी पट्टा लावून बसला होता. तोंड उघडं होतं. हाफलिदीनं त्याला हाक मारली नाही. त्यानं कॉम्प्रेसर सुरू केला. सकाळी पथक पोचलं तेव्हा तो हवा भरतच होता. टायर दगडासारखे झाले होते. दोघांनी धरून त्याला बाजूला घेतलं.

डॉक्टरांनी मरणाचं कारण थंडी लिहिलं. दुसरं काय लिहिणार?

जूनमध्ये हाफलिदी ती चाकं माझ्या दुकानात घेऊन आला. "काढून टाक," म्हणाला, "मला नकोत." आणि तेव्हाच हे सगळं सांगितलं. तो गेल्यावर मी टायर रिमवरून उतरवले. बाहेर ऊन होतं, दार उघडं होतं. तीन टायरांत नेहमीचीच काळी धूळ निघाली.

चौथा उघडला. आतून सगळा पांढरा होता. बर्फ नव्हे ते. तुम्ही सगळे कधी ना कधी गाडीत झोपला आहात. रात्रभर सोडलेला श्वास गोठून सकाळी काचेला आतून जो पांढरा, पिसांसारखा थर धरतो... तो.

मी बोट लावलं. वितळला नाही.