गढीवरची मोहरी

प्रेमाला देशाच्या आणि काळाच्या सीमा नसतात म्हणे. श्रीरंगच्या प्रेमाला एक होती. ती कमरेएवढी उंच, चिखलाची होती आणि रोज ढासळत होती.

१९८६चा ऑक्टोबर. अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात कॅम्पस बसच्या मागच्या सीटवर एक मुलगी पावसाला अस्सल मराठीत शिव्या घालत होती. असं काही ऐकून श्रीरंगला तीन महिने झाले होते. त्याने वळून नावच विचारलं. पद्मजा, अमरावतीची, पुरातत्त्वाची. प्राचीन आयरिश लोकांचा गोल मातीचा ‘रिंगफोर्ट’ तिने गावाबाहेरच्या शेतात उभारला होता. दहा दिवसांनी प्रोफेसर बघायला येणार होते. तोवर बांध खचला तर पीएचडी संपली आणि ती परत घरी... तिथे एक दंतवैद्य पाहून ठेवलेला.

“मी सॉइल मेकॅनिक्स करतो,” श्रीरंग म्हणाला. मातीचा इतका अभिमान त्याला याआधी कधी वाटला नव्हता.

शनिवारी तो बुरूज, दरवाजा वगैरे बघायच्या तयारीने गेला.

“हा किल्ला?”

“किल्ला नव्हे हो, गढी. आत शेतकरी, त्याची बायको आणि गाई.”

“म्हणजे गोठा.”

“तुम्ही पुण्याचे ना?”

त्याने उताराचा कोन काढला, पानभर गणितं केली. पावसात बांध गणितासकट घसरला. भिजलेल्या पद्मजाने कपाळावरची बट चिखलाच्या हाताने मागे सारली — आणि श्रीरंगचं शिक्षण तिथेच थांबलं. त्याने खोलीतला फोडणीचा डबा आणला आणि लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावर पेरायचा तशी सगळी मोहरी पुन्हा रचलेल्या बांधावर पेरली. वर ओलं गोणपाट. आठवडाभर दोघं आळीपाळीने ते उचलून बघत होते. बहुतेक वेळा एकाच वेळी.

प्रोफेसर आले तेव्हा गढी हिरवीगार, जागच्या जागी. हे कसं केलं, त्यांनी विचारलं. पारंपरिक पद्धत, पद्मजा गंभीरपणे म्हणाली. कुठली, ते त्यांनी विचारलं नाही.

ते गेल्यावर ती बांधावर बसली.

“आता महाराज कुठे बसवायचे?”

“आधी एखादा मावळा ठेवून बघ...” त्याच्या तोंडून ‘तू’ निसटलं होतं.

ती मोहरीची पानं कुरवाळू लागली.

“दंतवैद्याला काय कळवू?”

“कळव... जागा भरली.”

“अर्ज न करताच?” असं म्हणत तिने चिखलाचा हात त्याच्या हातात दिला.

जानेवारीत लग्न झालं. वसंतात शेतमालकाने गढी सपाट करून तिथे मका लावला.