गिळलेला खोकला

नेहमीचे रेकॉर्डिस्ट काका रजेवर, म्हणून काचेपलीकडच्या खुर्चीत त्या दिवशी हा बसला होता. कानांवर हेडफोन, गालांत हसू… आणि अलीकडे मी, देवाची गाणी गात.

"थांबा, थांबा. खोकला गिळलात ना?"

"छे, नाही!"

"अहो, माइकला सगळं ऐकू येतं. खोका बिनधास्त, मी कापून टाकीन."

चारचौघांत खोकायचं नाही, हे आईनं लहानपणापासून बजावलेलं. मीही शहाण्या मुलीसारखी सगळं आत कोंडत आलेली. त्या दिवशी मात्र खोकले—अगदी पोटातून! त्यानं हेडफोन काढून कान चोळले.

"बाप रे! हा तर थेट तार सप्तकातला!"

मी हसले, आणि हसता हसता पुन्हा खोकले.

काका परत आले, तरी माझ्या वेळेला खुर्चीत हाच. 'अहो'चं 'अगं' कधी झालं, कळलंच नाही. एकदा मात्र गंभीर होऊन म्हणाला, "खोकल्याला वर्ष होत आलं म्हणतेस… दाखव की कुणाला. नाहीतर उचलून नेईन."

"उचलून तर दाखव!"

गेले शेवटी माझ्याच पायांनी. बेडका तपासायला दिला. त्यातले जंतू वाढून ओळख पटेपर्यंत कित्येक आठवडे गेले. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "क्षय नाही. पण क्षयाच्या जंतूंचेच भाऊबंद आहेत. पाण्यात, मातीत असतात. तुझी प्रतिकारशक्ती ठणठणीत आहे, तरी फुप्फुसात ठाण मांडून बसलेत. तुझ्यामुळे दुसऱ्याला होईल ही भीती जवळजवळ नाहीच. पण औषधं वर्षाच्या वर चालतील. आणि खोकला दाबायचा नाही हं, कफ बाहेर काढायचा."

घरी येऊन देवापुढे हात जोडले. एवढंच मागितलं—त्याच्यासमोर जीभ अडखळू देऊ नकोस.

दुसऱ्या दिवशी गाणं संपल्यावर त्याला काचेच्या अलीकडे बोलावलं, शेजारी बसवलं.

"ऐक. वर्षाच्या वर रोज मूठभर गोळ्या. मळमळ, चिडचिड, गाणं अधूनमधून बंद. बरी झाले तरी दुखणं उलटू शकतं. आणि… तू मला आवडतोस. घ्यायचं तर हे सगळं एकदम घ्यायचं. जमत नसेल तर ते बघ दार."

तो दाराकडे बघतच राहिला.

"फार जड आहे गं हे दार," तो म्हणाला. "दोन्ही हात लावल्याशिवाय उघडत नाही."

"मग लाव की!"

"कसे लावू? एक तू मघापासून धरून ठेवला आहेस."

खाली पाहिलं—खरंच की!

म्हटलं, आता धरलाच आहे तर… आणि मी दुसराही धरला.