सुभेदारचा दुसरा रिपोर्ट

शेपटीवर चक्क पाय पडला, तरी कुत्रा हूं की चूं करेना! डॉक्टर राजेश्वरी देवळाली प्रवऱ्याजवळच्या त्या वस्तीवर आली होती गाय तपासायला. गाय झाली तपासून, आणि ती या सुस्त प्राण्यापाशीच बसली. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात तिची नोकरी ठरली होती. मार्चपर्यंत होकार कळवला की सुटली इथून.

"सुभेदार हाय त्यो," वस्तीचा तरुण मालक कानिफनाथ म्हणाला. "आधी चार वावरं लांबचा मानूस हेरायचा. आता नुस्ता उन्हात पडतो. घरचे म्हनत्यात, खाऊन माजलाय. तुमी तरी तसं म्हनू नका, मॅडम..."

राजेश्वरीने बघितलं, अंग सुटलेलं, शेपटीचे केस गेलेले. तिने तिथेच रक्त काढलं. कुत्र्याचं रक्त पुण्याला तपासायला? सगळी वस्ती हसली. कानिफनाथ मात्र बर्फाचा डबा घेऊन स्वतः स्टँडवर गेला.

रिपोर्ट आला, थायरॉईडचं हार्मोन कमी! तिने ऐटीत फोन केला.

"सापडलं! आता आयुष्यभर गोळी."

"बरं... अन् खाजेची इंजेक्शनं चालूच ठिवायची का? महिनाभर देतोय."

त्या स्टिरॉईडच्या इंजेक्शनांनीही हा आकडा खाली येतो, आणि तिने विचारलंच नव्हतं! गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळणार होतं? पण भर दुपारी ती वस्तीवर हजर झाली.

"चूक माझी. इंजेक्शनं हळूहळू बंद करू, दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू. तोवर गोळी नाही."

तो बघतच राहिला.

"हसा ना!"

"हसत न्हाई. डॉक्टर चुकलो म्हनतो, हे पैल्यांदाच बघतोय."

बाई गं... ती कानापर्यंत लाल झाली.

मग दर रविवारी सुभेदारला बघायला जाणं आलंच. खरं सांगायचं तर सुभेदारला बघायला पाच मिनिटं पुरायची. चहा तासभर चालायचा. दुसऱ्या रिपोर्टात थायरॉईडचं हार्मोन पुन्हा कमी निघालं, आणि त्या ग्रंथीला कामाला लावणारं दुसरं हार्मोन चांगलंच चढलेलं. आता शंका नव्हती. गोळी सुरू झाली.

मार्च संपत आला. ती निरोप घ्यायला निघाली आणि फाटकापाशीच थबकली. सुभेदार उठून उभा होता, आणि तिच्यावर भुंकत होता! तिला हसूही आलं, रडूही.

"माझं काम झालं," ती डोळे पुसत म्हणाली. "पुढची तपासणी कुणीही करेल."

"कुनीबी करंल," कानिफनाथ मान खाली घालून म्हणाला. "पन चुकलं म्हनून भर उन्हात परत येनारं मानूस मला दुसरं सापडनार न्हाई... राहा ना, राजेश्वरी."

ते 'मॅडम' गेलं कुठे? किती रविवार ती याच एका वाक्याची वाट बघत होती!

"एकाच तपासणीवर मी आता काही ठरवत नाही," ती कशीबशी म्हणाली.

त्याने मान वर केली. "मंग पुन्हा इचारतो. राहा."

तिने मोबाईल काढला, पुण्याचा नंबर लावला. पलीकडून कुणी तरी हॅलो-हॅलो करत होतं. पण सुभेदार असा काही भुंकत सुटला होता, की तिला "मी येत नाही" हे तीनदा ओरडून सांगावं लागलं.