कपाच्या तळाचं पांढरं

काढेवाल्या काकू बरण्यांपुढे हात जोडून उभ्या होत्या. झाकणं उघडण्याआधी रोज एवढं करायचंच, हा त्यांचा नेम. तेवढ्यात दारात हवालदार खाकरला.

"काकू, चला. फौजदारसाहेबांच्या आई पहाटे कोसळल्या. दवाखान्यात आहेत. तुमचा काढा पिऊन, म्हणतात."

काकूंचे हात जोडलेलेच राहिले. "जिवाला काही?"

"शुद्धीवर आल्यात. पण साहेबांनी तुमच्या दुकानाला सील ठोकायला सांगितलंय. दुपारच्या आत."

काकूंची नजर बरण्यांकडे गेली. सासूबाईंनी हाती दिलेल्या साठ बरण्या, आणि तीस वर्षांत एकही बोल लागला नाही. दाराला लावलेली लाख उद्या खरवडता येईल. नावाला लागलेली कशी निघायची?

चौकशी साहेबांच्या घरीच होती. टेबलामागे साहेब, दाराशी त्यांची बायको. डोळे रडून सुजलेले.

"काढ्यात काय घालता, बाई?" एरवी ते काकू म्हणत.

"झोपेचा पाला आणि एक मूळ. तोच मीही रोज घेते."

"मग आईचा रक्तदाब तळाला कसा गेला? डॉक्टर म्हणतात, दाब उतरवणारं काहीतरी जास्त पोटात गेलंय."

"दाबाच्या गोळ्या चालू आहेत का त्यांना?"

साहेब काचेचं पेपरवेट गोल गोल फिरवत होते. "डॉक्टरांनी लिहून दिल्यात. पण आई गोळी गालात धरते आणि चुळीबरोबर टाकून देते. शेवटी शब्द दिला तिला, पुन्हा आग्रह करणार नाही."

"काढा कोण करतं?"

"मी," सूनबाई हळूच म्हणाली. "खोलीत हे नेऊन देतात."

"रात्रीचा कप?"

"पुरावा म्हणून ठेवलाय," साहेब म्हणाले.

"तपासायला नाही पाठवला?"

"पाठवू."

काकूंनी कप मागून घेतला आणि खिडकीशी नेऊन तिरका केला. तळाशी त्यांच्या मुळाचा तपकिरी गाळ होता. त्यावर पांढरा थर होता, खडू उगाळल्यासारखा.

काकूंना दुकानातलं बोलणं आठवलं. आठ दिवसांपूर्वी या घरच्या आजी, साहेबांच्या आई, दुकानात येऊन म्हणाल्या होत्या, "काढा हल्ली खडूसारखा लागतो गं." परवा पुन्हा म्हणाल्या, "आता तर जास्तच." काकू पाला तोलत होत्या. मान वर न करता हसून म्हणाल्या होत्या, "आजी, वय झालं की जिभेलाही चष्मा लागतो." दुकानातली माणसंही हसली होती. आणि सासूबाई सांगायच्या, रोगी बोलायला लागला की तराजू खाली ठेवायचा.

"सूनबाई, तुमचा खलबत्ता दाखवता?"

स्वयंपाकघरात खल वरून धुतलेला होता. काकूंनी तळाच्या खोबणीतून बोट फिरवलं. बोटाला पांढरं लागलं.

सूनबाईने डब्यामागून गोळ्यांचं पाकीट काढून पुढे ठेवलं. "सोमवारपासून, काकू. चारच दिवस. रोज एक गोळी. डॉक्टरांनी सांगितली तेवढीच. यांना कळलं तर रागावतील म्हणून पाकीटही मी वेगळं आणलं."

साहेब दारात येऊन उभे होते. चेहरा उतरला होता, पण आवाज चढला. "तू? आईला फसवून?"

"साहेब," काकू म्हणाल्या, "एका गोळीने हे झालं नाही. डॉक्टरांनीच दिलेली होती ना ती? आणि आजींनी मला पहिल्यांदा सांगितलं त्याला आठ दिवस झाले. तेव्हा सूनबाईंनी खलाला हातही लावला नव्हता. सोमवारनंतर त्या म्हणाल्या, जास्तच. म्हणजे आधी एक हात होता, मग दुसरा आला. कप या दोघांच्याच हातांतून जातो. एका हाताला खल मिळाला. दुसरा स्वयंपाकघरात फिरकत नाही. त्याने काय वापरलं असेल?"

काकू बाहेर गेल्या, टेबलावरचं पेपरवेट उचलून त्यांनी उलटं केलं. काचेच्या खालच्या कडेला पांढरी भुकटी अडकली होती.

साहेब खुर्चीत बसले.

"मी एकच देत होतो," ते म्हणाले. "एका गोळीने असं होणार नाही, हे मलाही ठाऊक होतं. म्हणून वाटलं, दोष तुमच्या काढ्याचा."

"वाटलं, की तसं असलं तर बरं होईल असं वाटलं?"

"कप तपासला असता तर माझी गोळी निघाली असती. आईला दिलेला शब्द मोडल्याचं उघड झालं असतं." दारातला हवालदार हातातल्या लाखेच्या कांडीचं काय करावं ते न सुचून ती मागे लपवू लागला.

"आधी डॉक्टरांना फोन करा," काकू म्हणाल्या. "चार दिवस रोज दोन गोळ्या, असं स्पष्ट सांगा. मग दवाखान्यात जाऊ. मीही येते. मलाही त्यांना तोंड दाखवायचंय."

आजी उशीला टेकून बसल्या होत्या. मुलाने सांगितलं, सुनेने सांगितलं. दोघांच्याही माना खाली. आजींनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे माझ्या पोटात काय जातंय, ते मी सोडून सगळ्यांना ठाऊक."

"मला नव्हतं, आजी," काकू म्हणाल्या, आणि म्हणता क्षणीच त्यांना ते बोलणं परत घ्यावंसं वाटलं.

"तुला तर मी दोनदा सांगितलं होतं." आजींचा स्वर मुळीच चढला नाही. "माझ्या जिभेला चष्मा लागला म्हणालीस. चार माणसांत."

काकूंनी आजींचे पाय धरले.

"चष्मा माझ्या कानांना लागायला हवा होता, आजी."

आजींनी पाय मागे घेतले नाहीत, पण मानही हलवली नाही. मग मुलाकडे बघत त्यांनी आपला सुरकुतलेला तळहात पुढे केला.

"उद्यापासून जे काय द्यायचं असेल ते इथे द्या. गिळायचं की थुंकायचं, ते माझं मी बघेन."